मतदारसंघाच्या शिवेवरून

माजरी जंक्शनवर उतरलं की गाव डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ओला कोळसा, इंजिनचं डिझेल आणि फलाटामागच्या टपरीवरची भजी, तिन्हींचा मिळून एकच वास. दिवाळीच्या सुट्टीत आईचं बोट धरून याच फलाटावर उतरायचे, तेव्हापासून तो ओळखीचा आहे. मामा तेव्हा खदानीतून सुटून थेट स्टेशनवर यायचे. मान आणि कानांच्या पाळ्या धुऊनही काळ्याच असायच्या.

यंदाही मामाच न्यायला आले. आता सत्तरीला टेकलेत, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. पिशवी हातातून घेत म्हणाले, "मतदारसंघ पाहाले आली म्हणतेस. तो कुठं दिसते बापा?"

प्रश्न खरा होता. किल्ला दिसतो, देऊळ दिसतं, ताडोबाच्या जंगलात नशीब असेल तर वाघही दिसतो. मतदारसंघाला ना वेस, ना बुरूज. तरी दर पाच वर्षांनी आपण त्याच्याच नावाने रांगेत उभे राहतो. लोक आपल्या गावाचा इतिहास सांगतात, देवस्थानाचा सांगतात, पण आपल्या मतदारसंघाचा इतिहास सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलं. म्हणून ठरवलं होतं, माजरीपासून सुरुवात करायची आणि दोन दिवसांत जमेल तेवढं फिरायचं.

माजरी भद्रावती तालुक्यात येतं. भद्रावती आणि शेजारचा वरोरा हे दोन तालुके म्हणजे विधानसभेचा वरोरा मतदारसंघ, क्रमांक 75. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहा मतदारसंघांपैकी हा एक. राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी आणि चिमूर हे बाकीचे पाच. आज ही ओळ कुठल्याही तक्त्यात वाचायला मिळते. पण त्या तक्त्याच्या जागी आधी दुसरा होता, त्याच्या आधी तिसरा.

सकाळी मामा मला आधी शाळेत घेऊन गेले. शाळेला सुट्टी होती. व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या रंगात मतदान केंद्राचा क्रमांक रंगवलेला होता. जवळ जाऊन पाहिलं तर निळ्या अक्षरांखाली विटकरी रंगाचा जुना आकडा पुसटसा दिसत होता, आणि त्याच्याही खाली चुन्याने झाकलेलं आणखी काहीतरी. प्रत्येक निवडणुकीआधी कुणीतरी येतो, चुना मारतो, नवा आकडा काढतो. सगळ्यावर कोळशाच्या धुळीचा बारीक थर. बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

"माह्या बाबानं पहिलं मत दिलं तवा ही शाळा नोती," मामा म्हणाले.

आजोबांचं पहिलं मत म्हणजे 1952 सालचं, देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतलं. त्याची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. मतपत्रिकेवर नावं नव्हती आणि शिक्का मारायचा नव्हता. खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा आणि बाहेर यायचं. काँग्रेसची बैलजोडी होती. ज्यांच्या दारात बैल होते त्यांना ते चिन्ह कुणी समजावून सांगावं लागलं नाही, असं आजोबा सांगायचे. मतदानाचं वय 21 होतं. आजीचंही नाव यादीत होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या नावाने होतं, याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. त्या पहिल्या यादीच्या वेळी देशभरात लाखो बायकांनी अनोळखी माणसाला आपलं नाव सांगितलंच नाही, कुणाची बायको किंवा कुणाची आई एवढंच सांगितलं. अशा सुमारे 28 लाख बायकांची नावं शेवटी यादीतून काढावी लागली.

पण आजोबांनी ते मत कुठल्या विधानसभेसाठी दिलं? मी हा प्रश्न माझ्या शिकल्यासवरलेल्या मित्रमैत्रिणींना विचारला आहे. सगळे पटकन "महाराष्ट्र" म्हणतात. 1952 मध्ये महाराष्ट्र हे राज्यच नव्हतं. चांदा (चंद्रपूरचं जुनं नाव) जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. माजरीच्या माणसाने निवडलेला आमदार रायपूर, जबलपूर आणि बिलासपूरच्या आमदारांच्या शेजारी बसत होता. मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. 232 सदस्यांच्या त्या सभेत हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या. तक्रार घेऊन जायचं तर माजरीहून नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येण्यासारखं.

मग 1 नोव्हेंबर 1956 आला. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. 1957 च्या निवडणुकीत आजोबांनी जो आमदार निवडला तो मुंबईला गेला, गुजरात आणि सौराष्ट्राच्या आमदारांसह 396 जणांच्या सभेत. तीन वर्षांनी 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1962 ची निवडणूक 264 जागांच्या महाराष्ट्र विधानसभेसाठी झाली. दहा वर्षांत तीन निवडणुका, तीन राज्यं. आजोबांचं घर तेच, विहीर तीच, वावरही तेच. त्यांना रायपूरही पाहायला मिळालं नाही आणि भावनगरही.

राजधानी दूर गेल्याचं दुःख इथे आजही बोलून दाखवलं जातं, आणि ते नुसतं भावनिक नाही. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ज्यांनी त्या मागणीसाठी आयुष्यभर बोलणं-लिहिणं केलं ते लोकनायक बापूजी अणे माजरीहून नदी ओलांडली की लागणाऱ्या वणीचे. शिफारस मान्य झाली नाही. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरू लागलं. थंडीच्या त्या थोड्या दिवसांत इथला आमदार पुन्हा त्याच इमारतीत जाऊन बसतो जिथे 1952 मधला आमदार बसत होता. मला ही गोष्ट फार लागते. एकाच दगडी इमारतीत एकदा घरचे म्हणून आणि नंतर पाहुणे म्हणून जायचं.

शाळेतून निघून आम्ही खदानीच्या बाजूला वळलो. रस्त्याच्या कडेला पऱ्हाटी फुटली होती, पण बोंडातून निघालेला कापूस पांढरा म्हणवत नव्हता. पलीकडे मातीचे डोंगर. कोळशावरची माती उपसून रचलेले हे ढिगारे इतके जुने झालेत की काहींवर बाभळी आणि सुबाभूळ वाढलंय. मामा त्यातल्या एकाकडे हात करून म्हणाले, "त्याच्या मांगं आपलं वावर होतं." मांगं म्हणजे मागे. त्यांनी नीट पाहिलं आणि दुरुस्ती केली, "मांगं नाही. खाली."

आमच्या घरची जमीन खदानीत गेली आणि त्या बदल्यात मामांना नोकरी लागली. या भागातल्या शेकडो घरांची हीच कथा आहे. 1973 मध्ये दगडी कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये कोल इंडिया आली, तिच्याखाली नागपूर मुख्यालयाची वेस्टर्न कोलफिल्ड्स. कंपनीच्या माजरी क्षेत्राचं कार्यालय इथून जवळच कुचन्याला आहे. तेलवासा, ढोरवासा, चारगाव, कुनाडा ही मूळची गावांची नावं. आता ही नावं घेतली की ऐकणारा विचारतो, गाव की खदान? मला हा प्रश्न मतदारसंघाच्या इतिहासाचाच भाग वाटतो. मतदारसंघ माणसं मोजून आखतात. कोळसा निघाला की माणसं हलतात. वस्ती उठली की यादीतला तिचा भाग पातळ होतो आणि दुसरीकडे क्वार्टरांच्या ओळींचा भाग जाड होतो. त्या क्वार्टरांतून तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी ऐकू येते, कारण खदानीने माणसं लांबून आणली. मामांच्या पाळीत काम करणारे निम्मे लोक सणाला कुठल्या कुठल्या गाड्या पकडायचे, पण मत मात्र माजरीतच द्यायचे.

मामांनी स्वतः तीन ठिकाणच्या यादीतून मत दिलंय. पहिलं गावातल्या घरून, मग क्वार्टरवरून, मग निवृत्तीनंतर बांधलेल्या घरून. शेवटच्या वेळी पत्ता बदलल्याचा अर्ज भरायचा राहिला. आता बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, घरी येतो, आठ नंबरचा अर्ज भरून घेतो. तेव्हा मामांना ते ठाऊक नव्हतं. मतदानाच्या दिवशी नव्या केंद्रावर नाव सापडेना. उन्हात जुन्या केंद्रापर्यंत पायी गेले, तिथे नाव होतं, मत दिलं. "सोडलं नाही मी," एवढंच म्हणाले. एप्रिलच्या निवडणुका म्हणजे इथे काय असतं ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. 2019 आणि 2024 दोन्ही लोकसभांना इथे एप्रिलमध्ये, पहिल्याच टप्प्यात मतदान झालं, आणि चंद्रपूरचा पारा एप्रिलमध्ये सहज चाळिशीच्या वर असतो.

दुपारी काळी-पिवळीत बसून भद्रावतीला गेलो. गावाचं नाव भद्रावती, रेल्वे स्टेशनचं नाव अजून भांदक. जुन्या गॅझेटियरमध्ये भांदक हे वरोरा तहसिलीतलं गाव म्हणून येतं, म्हणजे भद्रावती हा स्वतंत्र तालुका नंतरचा. गाव मात्र फार जुनं. विजासन टेकडीत डोंगर कोरून आत लांबवर नेलेली बौद्ध लेणी आहेत. पार्श्वनाथाचं मोठं जैन मंदिर आहे, भद्रनागाचं देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम इथले अवशेष पाहून गेले होते. विजासनच्या लेण्यात दुपारीसुद्धा गारवा असतो. आत बुद्धमूर्तीपुढे एक कुटुंब मेणबत्ती लावत होतं. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले होते आणि तिथेही हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर विजासनला येणाऱ्यांना ही लेणी घरची वाटू लागली. 1956 चा तो ऑक्टोबर संपला आणि दुसऱ्या दिवशी चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला. इथल्या कितीतरी घरांनी एका महिन्यात धर्मही बदलला आणि राज्यही. पहिलं त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

भद्रावतीचं नाव मी मुद्दाम घेते, कारण मामांच्या आयुष्यातल्या बहुतेक निवडणुका याच नावाने झाल्या. 1978 मध्ये विधानसभेच्या जागा 288 झाल्या. तेव्हापासून 2004 पर्यंत या भागाचा मतदारसंघ भद्रावती म्हणून ओळखला जायचा. 1977 च्या लोकसभेला मामांनी पहिलं मत दिलं, आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत चंद्रपूरहून अहेरीचे राजे विश्वेश्वरराव निवडून गेले. पुढच्याच वर्षी विधानसभा, भद्रावती मतदारसंघ. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून रेषा पुन्हा आखल्या. 2008 मध्ये त्या लागू झाल्या आणि 2009 च्या निवडणुकीत भद्रावती हे नाव गेलं, वरोरा आलं.

त्याच फेरआखणीत शेजारचा सावली मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार 1962 मध्ये सावलीतून निवडून आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले आणि बरोबर वर्षभराने, 24 नोव्हेंबर 1963 ला, पदावर असतानाच गेले. चांद्यात लहानपणी वर्तमानपत्रं विकणारा पोरगा राज्याच्या सर्वोच्च खुर्चीत बसला, आणि ज्या मतदारसंघाने त्याला तिथे पाठवलं त्याचं नाव आज मतपत्रिकेवर नाही. पुढे शोभाताई फडणवीसही सावलीच्याच आमदार होत्या. चंद्रपूरची जागा त्याच वेळी अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि तिथून निवडून येणारे सुधीर मुनगंटीवार बल्लारपूरला गेले. कागदावर एक रेघ इकडची तिकडे झाली की माणसांची आयुष्यं कशी वळतात ते अशा वेळी दिसतं.

लोकसभेची गोष्ट तर याहून विलक्षण आहे, आणि ती फार लोकांना ठाऊक नाही याची मला हळहळ वाटते. 1962 मध्ये चांद्याहून लोकसभेवर एक अपक्ष निवडून गेले, लाल श्याम शाह. ते पानाबरसचे आदिवासी जमीनदार. पानाबरस आज छत्तीसगढमध्ये आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात वसवताना आदिवासींच्या जंगलजमिनीचं काय होणार, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. कुणी ऐकेना तेव्हा 1964 मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. रिकाम्या जागी पोटनिवडणूक झाली आणि कन्नमवारांच्या पत्नी गोपिकाबाई निवडून आल्या. चांद्याच्या खासदाराने जमिनीच्या प्रश्नावर पद सोडलं, ही या मातीची मोठी आठवण आहे. माजरीच्या त्या ढिगाऱ्यापुढे उभं राहिल्यावर मला ते नाव आठवलं होतं. मामांना ते नाव माहीत नव्हतं. सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "मंग त्या लोकाइच्या जमिनीचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी वरोरा. मतदारसंघ आता ज्याच्या नावाने आहे ते गाव. माजरीत कोळसा आज निघतो, पण या पट्ट्यातल्या कोळशाची सुरुवात वरोऱ्याला झाली. 1871 पासून 1906 पर्यंत इंग्रज सरकारने इथे खाण चालवली. तो कोळसा नेण्यासाठीच वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली, 1877 च्या सुमारास. वरोरा हे तेव्हा शेवटचं स्टेशन. खाण संपली, पण रूळ पुढे सरकत गेले, माजरी, भांदक, चांदा, बल्लारशा, आणि 1920 च्या दशकाच्या शेवटी काझीपेठशी जोडले गेले. आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्याच वाटेने धावतात. माजरी जंक्शन झालं ते वणीकडे फुटणाऱ्या फाट्यामुळे. म्हणजे आम्ही ज्या फलाटावर लहानपणी उतरायचो त्या फलाटाचं कारणही शेवटी कोळसाच.

वरोऱ्याची बाजारपेठ कापसाची. जिनिंगच्या आवारात गाड्या लागल्या होत्या आणि शेतकरी भावाची वाट पाहत बिड्या ओढत बसले होते. इथल्या राजकारणाचा एक मोठा तुकडा याच आवारात घडला आहे. कापूस एकाधिकार खरेदी, भाव, चुकारे यांवर शरद जोशींची शेतकरी संघटना विदर्भात पसरली तेव्हा तिने आमदारही दिले. राजुऱ्याचे वामनराव चटप त्यातले. इथले मोरेश्वर टेमुर्डे हे वकील, संघटनेचे कार्यकर्ते. ते विधानसभेत गेले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विधानसभेचे उपाध्यक्षही झाले. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला माणूस सभागृह चालवायच्या खुर्चीत बसला, याचा अभिमान वरोऱ्याच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात आजही जाणवतो.

त्यानंतरची तीस वर्षं मात्र प्रामुख्याने दोन घराण्यांची आहेत. देवतळे वरोऱ्याचे, धानोरकर भद्रावतीचे. दादासाहेब देवतळे जुन्या पिढीतले. मग काँग्रेसचे संजय देवतळे 1995 पासून चार वेळा निवडून आले, राज्याचे पर्यावरणमंत्री झाले. 2014 मध्ये ते भाजपकडून उभे राहिले आणि शिवसेनेचे सुरेश तथा बाळू धानोरकर यांच्याकडून हरले. 2019 मध्ये धानोरकर काँग्रेसमध्ये गेले आणि लोकसभेला केंद्रीय मंत्री हंसराज अहीर यांना हरवून आले. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातून काँग्रेसचा तो एकमेव खासदार. काही महिन्यांनी विधानसभेला त्यांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर काँग्रेसकडून आणि संजय देवतळे शिवसेनेकडून उभे राहिले. प्रतिभाताई जिंकल्या. पाच वर्षांत दोन्ही घराण्यांनी पक्ष बदलले, पण मतदाराच्या पुढ्यात नावं तीच दोन होती. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने संजय देवतळे गेले. 30 मे 2023 ला बाळू धानोरकर गेले, वय पन्नाशीच्या आतलं. 2024 मध्ये प्रतिभाताई चंद्रपूरहून खासदार झाल्या, मताधिक्य सुमारे 2 लाख 60 हजार. त्याच वर्षी नोव्हेंबरात वरोरा विधानसभेत भाजपचे करण देवतळे जिंकले, संजय देवतळेंचे चिरंजीव.

हे सगळं मी एका वहीत लिहून नेलं होतं. कापसाच्या आवारात बसलेल्या एका काकांना मी विचारलं की पक्ष एवढे बदलतात तर तुम्ही मत कशावर देता. ते म्हणाले, "माणूस दारात आला पाह्यजे जी. मयतीले आला पाह्यजे, लग्नाले आला पाह्यजे." शहरात बसून अशा उत्तरावर नाक मुरडणारे लोक मी पाहिलेत. मला त्या काकांचं म्हणणं पटतं. राजधानी ज्यांच्यापासून सरकली आणि साडेआठशे किलोमीटरवर जाऊन बसली, त्यांनी निदान आमदार तरी दारात यावा ही अपेक्षा का धरू नये?

परतताना आनंदवनात थांबलो. बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील, वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. सफाई कामगारांचं जगणं कळावं म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहिला, आणि त्याच कामात पावसात कुडकुडणारा कुष्ठरोगी त्यांना दिसला, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती निघाली. पुढे गावाबाहेरच्या दगडधोंड्याच्या माळावर साधनाताई, दोन लहान मुलं आणि काही रुग्ण यांच्यासह आनंदवन उभं राहिलं. गावाने ज्यांना शिवेबाहेर काढलं होतं त्यांच्या हातची भाजी पुढे त्याच गावाने विकत घेतली. आनंदवनाबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून थांबते. एवढंच सांगते की एका नगरपालिकेच्या छोट्याशा लोकनियुक्त पदावरून सुरू झालेल्या कामांपैकी एवढं मोठं दुसरं काम मला माहीत नाही.

संध्याकाळी मामा म्हणाले, चल, नदीवर जाऊ. माजरीहून वणीला जाणारा रूळ वर्धा नदी ओलांडतो. आम्ही अलीकडच्या काठावर, पुलापासून थोडं दूर, बसलो. मतदारसंघाची शीव बघायची असेल तर ती ही, मामांना म्हटलं. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्हा, वणी मतदारसंघ, क्रमांक 76. भोसल्यांच्या काळी हा काठ नागपूरकरांचा आणि तो काठ निजामाच्या वऱ्हाडाचा. वणीच्या मतदाराचा आमदार वेगळा, पालकमंत्री वेगळा, पण खासदार आमच्याशी एक, कारण वणी आणि आर्णी हे यवतमाळचे दोन मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत आहेत. उलट चंद्रपूर जिल्ह्यातलेच असूनही चिमूर आणि ब्रह्मपुरी गडचिरोली-चिमूर लोकसभेत. खालच्या अंगाला, नदीपलीकडचा राजुरा तर 1952 मध्ये हैदराबाद राज्यात होता, तिथल्या लोकांनी पहिलं मत हैदराबादच्या विधानसभेसाठी दिलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तो तालुका चांद्याला जोडला गेला. तिथे अजून 17 सप्टेंबर हा मुक्तीचा दिवस म्हणून पाळतात.

आता पुन्हा जनगणना होणार. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठवून ठेवली आहे. तो आकडा आला की रेषा पुन्हा हलतील, आणि महिलांसाठीच्या राखीव जागांचाही मुहूर्त त्याच फेरआखणीशी बांधलेला आहे. माजरी तेव्हा कुठल्या नावाच्या मतदारसंघात असेल? वरोरा, पुन्हा भद्रावती, की तिसरंच काही? मी मोठ्याने विचारलं. मामा काही बोलले नाहीत. पाण्यावर कलतं ऊन पडलं होतं आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

तेवढ्यात पूल थरथरला. वणीच्या बाजूने कोळशाची मालगाडी आली, भरलेली, सावकाश. एकेक डबा लोखंडी कमानीतून पुढे सरकू लागला. मामा खांद्यावरचा दुपट्टा सावरून ताठ बसले. त्यांचे ओठ हलत होते. चाळीस वर्षांची सवय, काट्यावरून गाडी गेली की मोजायची. शेवटचा डबा माजरीकडच्या वळणाला लागला आणि मागचा लाल दिवा दिसेनासा झाला, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"अठ्ठावन्न," मामा म्हणाले.